टाटा इंडिका : मालकांची मते, मूल्य व दर्जा

टाटा इंडिका ही टाटा उद्योगसमूहातील टेल्को (२००३ पासून टाटा मोटर्स) या कंपनीने पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड येथे तयार केलेली छोटी मोटारगाडी होती. ती ३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आराखड्यापासून इंजिनापर्यंत भारतीय कंपनीच्या मालकीची असलेली पहिली प्रवासी मोटार म्हणून तिचा उल्लेख होतो. डिझेल इंजिन असलेली छोटी कौटुंबिक गाडी परवडणाऱ्या किमतीत उपलब्ध करून देणारी पहिली यशस्वी गाडीही हीच होय. तिच्याविषयीचे मालकांचे मत वीस वर्षांत अनेकदा बदलले. आरंभी अभिमान, मग तक्रारींचा भडिमार, नंतर काटकसरी व दणकट गाडी म्हणून मान्यता आणि शेवटी 'टॅक्सीवाल्यांची गाडी' हा शिक्का, असा तो प्रवास आहे. मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या, मोठी शहरे व रुग्णालये दूर असलेल्या जिल्ह्यांत डिझेल गाडीचे मूल्य कसे मोजले जाते, हे समजून घेण्यासाठी इंडिकाचे उदाहरण उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

इंडिकापूर्वी डिझेलवर चालणारी मोटार सामान्य ग्राहकाला मिळत नव्हती असे नाही. हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर डिझेल इंजिनासह विकली जात असे. मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पद्मिनीची १३७-डी ही डिझेल आवृत्ती काढली होती. मात्र या दोन्ही गाड्यांचे मूळ आराखडे १९५० आणि १९६० च्या दशकांतील होते. मारुतीने झेन व एस्टीम या गाड्यांत प्यूजो कंपनीचे दीड लिटरचे डिझेल इंजिन बसवले, परंतु त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर राहिली. ग्रामीण महाराष्ट्रात डिझेल म्हणजे ट्रॅक्टर, जीप, ट्रॅक्स आणि १९९४ नंतर टाटा सुमो, असेच समीकरण होते.

त्या काळी डिझेलचा दर सरकार ठरवीत असे. शेती, मालवाहतूक आणि सार्वजनिक वाहतूक यांचा भार हलका राहावा म्हणून तो पेट्रोलच्या तुलनेत फार कमी ठेवला जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे अंतर इतके मोठे होते की, एक लिटर पेट्रोलच्या पैशांत जवळजवळ दोन लिटर डिझेल येत असे. शिवाय डिझेल इंजिन तेवढ्याच इंधनात अधिक अंतर कापते. या दुहेरी बचतीचा लाभ छोट्या गाडीच्या मालकालाही मिळावा, हा इंडिकामागचा व्यावसायिक विचार होता. रतन टाटा यांनी गाडीचे वर्णन करताना तीन गाड्यांची तुलना दिली होती : आकार झेनएवढा, आतील जागा अँबेसेडरएवढी, किंमत मारुती ८०० च्या जवळपास. त्यात डिझेलचा कमी खर्च ही चौथी गोष्ट मिळवली की इंडिकाची संपूर्ण जाहिरात होते.

प्रकल्पावर सुमारे १,७०० कोटी रुपये खर्च झाले. बाह्य रूपाच्या कामात इटलीतील तुरीन येथील आय.डी.ई.ए. या संस्थेचे साहाय्य घेण्यात आले, तर इंजिनाच्या कामात फ्रान्समधील ल मोत्यूर मॉडर्न या संस्थेचे. निस्सान कंपनीचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला कारखाना विकत घेऊन त्याची यंत्रसामग्री सुटी करून जहाजाने पुण्याला आणण्यात आली. नवी जुळणी-रांग उभारण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त पडला. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी प्रथम दाखवण्यात आली. वर्षअखेरीस विक्रीला आली तेव्हा तिची किंमत सुमारे २ लाख ६० हजार रुपयांपासून सुरू होत होती. थोड्याच दिवसांत १ लाख १५ हजारांच्या आसपास नोंदण्या झाल्या.

तांत्रिक वैशिष्ट्ये

मूळ इंडिकाच्या डिझेल इंजिनाचे नाव ४७५ डीएल असे होते. चार सिलिंडर आणि ७५ मिलिमीटर व्यासाचा बोअर यांवरून हा आकडा आला आहे. इंजिनाची क्षमता १,४०५ घनसेंटिमीटर होती व शक्ती सुमारे ५४ पीएस. या इंजिनाला टर्बोचार्जर नव्हता. इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता शेजारच्या छोट्या पूर्वकक्षात फवारले जाई आणि तेथे पेट घेऊन मुख्य कक्षात पसरे. या अप्रत्यक्ष पद्धतीत इंजिनाचा ठोका तुलनेने सौम्य राहतो, मात्र उष्णता अधिक वाया जाते आणि थंड इंजिन सुरू करण्यासाठी हीटर प्लग लागतात. इंधनपंप पूर्णतः यांत्रिक होता. त्यात संगणकीय नियंत्रण नव्हते.

हा शेवटचा मुद्दा मालकांच्या मतांच्या दृष्टीने कळीचा आहे. यांत्रिक पंपाचे इंजिन डिझेलच्या दर्जातील चढउतार बऱ्यापैकी सहन करते. त्याची दुरुस्ती करण्यासाठी निदानाचे संगणकीय उपकरण लागत नाही. ट्रॅक्टर आणि जीप यांच्यावर हात बसलेला तालुक्याच्या गावचा मिस्त्री हे इंजिन उघडू शकत असे. पुढे आलेल्या कॉमन रेल इंजिनांत इंधनाचा दाब कित्येक पटींनी वाढला, गाडी अधिक शांत व चपळ झाली, पण इंजेक्टर बिघडला की शहर गाठणे भाग पडू लागले.

गाडीची लांबी सुमारे ३.६६ मीटर होती, तर पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर २.४ मीटर. चाके शक्य तितकी टोकांना नेल्यामुळे आत प्रशस्त जागा मिळाली. दरवाजे रुंद उघडत. आसने उंचावर असल्यामुळे वयस्कर माणसांना आत-बाहेर करताना फारसे वाकावे लागत नसे. साडी किंवा धोतर नेसणाऱ्यांना ही सोय विशेष जाणवे.

पहिल्या मालकांच्या तक्रारी

मोठ्या उत्साहाने घेतलेल्या गाडीने पहिल्या ग्राहकांची निराशा केली. इंजिनाचा आवाज व कंपने केबिनमध्ये येत, गिअर जड पडत, टायर अपेक्षेपेक्षा लवकर झिजत आणि सस्पेन्शनमधून खडखडाट येई. आतील प्लास्टिकचे जोड नीट बसलेले नसत. रंग, काचेचे रबर, दाराच्या मुठी अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींबद्दलही नाराजी होती. यांपैकी बहुतेक दोष गाडी बंद पाडणारे नव्हते. परंतु आयुष्यातील पहिली गाडी घेणाऱ्या, त्यासाठी साठवलेली पुंजी घातलेल्या कुटुंबाला असा फरक करून दाखवणे व्यर्थ असते.

या तक्रारींमागे एक संरचनात्मक कारणही होते. टेल्कोचा अनुभव मालमोटारींचा होता. ट्रकचा मालक गाडी सोसते किती आणि खाते किती, हे पाहतो. दार लागताना कसा आवाज येतो, याकडे त्याचे लक्ष नसते. कौटुंबिक गाडीच्या ग्राहकाची अपेक्षा वेगळी असते आणि मारुतीने पंधरा वर्षांत त्याला नियमित सेवा व निर्दोष जुळणीची सवय लावली होती. इंडिकाची तुलना अँबेसेडरशी झाली असती तर निकाल वेगळा लागला असता. प्रत्यक्षात ती मारुतीशी झाली.

कंपनीची आर्थिक स्थितीही या सुमारास बिकट झाली. मालमोटारींच्या बाजारातील मंदी व इंडिकाचा भार यांमुळे २००० ते २००१ या आर्थिक वर्षात टेल्कोला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. त्याआधी, १९९९ मध्ये, मोटारगाडी विभाग फोर्ड कंपनीला विकण्याविषयी बोलणीही झाली होती. ती फिसकटली. नऊ वर्षांनी, २००८ मध्ये, टाटा मोटर्सनेच फोर्डकडून जग्वार व लँड रोव्हर या कंपन्या विकत घेतल्या, हा योगायोग नंतर पुष्कळ वेळा सांगितला गेला.

कंपनीने तक्रारी नाकारल्या नाहीत. विकलेल्या गाड्यांचे सदोष भाग बदलून देण्यात आले आणि आराखडा मुळापासून तपासण्यात आला. २००१ मध्ये इंडिका व्ही-२ ही सुधारित आवृत्ती आली. सस्पेन्शन, गिअर, आवाजरोधन व जुळणी यांत बदल झाले होते. भारतीय मोटार उद्योगात एखाद्या गाडीने पहिल्या पिढीत गमावलेली पत दुसऱ्या आवृत्तीत परत मिळवल्याची उदाहरणे थोडी आहेत, त्यांत व्ही-२ चे नाव वरचे आहे. २००२ च्या अखेरीस याच पायावर इंडिगो ही सेडान आली. इंडिका ब्रिटनमध्येही २००३ ते २००५ या काळात 'सिटी रोव्हर' या नावाने एम.जी. रोव्हर कंपनीने विकली. तेथील समीक्षकांनी दर्जावर कठोर टीका केली. रोव्हर कंपनीच बंद पडल्याने तो प्रयोग संपला.

व्ही-२ विषयीची मते

व्ही-२ च्या मालकांकडून सर्वाधिक ऐकू येणारी प्रशंसा तीन गोष्टींची आहे : ॲव्हरेज, जागा आणि वातानुकूलन. महामार्गावर लिटरला पंधरा ते अठरा किलोमीटर अंतर सहज पडते, असा सर्वसाधारण अनुभव होता. मागच्या आसनावर तीन मोठी माणसे बसू शकत. मराठवाडा-विदर्भातील उन्हाळ्यात गाडीचे वातानुकूलन लवकर गारवा देते, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केलेले आहे. सुट्या भागांची स्वस्ताई व सर्वत्र उपलब्धता ही चौथी बाजू. तीमुळे पुढे टुरिस्ट व्यावसायिक या गाडीकडे वळले.

टीकाही सातत्याने तीच राहिली. इंजिन कमी शक्तीचे असल्यामुळे चार प्रवासी, सामान आणि वातानुकूलन चालू अशा स्थितीत घाट चढताना किंवा ट्रकला मागे टाकताना दम लागत असे. टर्बो आवृत्तीने ही उणीव काही अंशी भरून काढली. पन्नास-साठ हजार किलोमीटरनंतर सस्पेन्शनचे बुश, लिंक व बेअरिंग बदलावे लागणे, पॉवर विंडो अडकणे, डॅशबोर्ड वाजणे यांची मालकांना सवय करून घ्यावी लागे. 'इंजिन थकत नाही, बाकी गाडी थकते' या आशयाचे मत अनेक मालकांच्या बोलण्यात येते आणि ते बऱ्याच अंशी न्याय्य आहे. टायमिंग बेल्ट वेळेवर न बदलल्यास तो तुटून व्हॉल्व्ह वाकतात व मोठा खर्च निघतो, ही या इंजिनाची महत्त्वाची सावधगिरी होती. जीपच्या सवयीने गाडी वापरणाऱ्या मालकांना ती महाग पडे.

दर्जा व मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इंडिकाच्या बाबतीत ठळकपणे दिसते. गाडीच्या दर्जाला मध्यम गुण देणारे मालकही मूल्याच्या प्रश्नावर 'पैसे वसूल' असेच उत्तर देत.

डिझेलचा हिशेब

डिझेल गाडी घेताना मालक जो हिशेब मांडतो त्यात चार संख्या असतात : पेट्रोल आवृत्तीपेक्षा मोजावी लागणारी जादा किंमत, दोन्ही इंधनांच्या दरांतील फरक, ॲव्हरेजमधील फरक आणि दरमहा होणारी धाव. यांतील चौथी संख्या सर्वांत निर्णायक असते, तरीही घरगुती चर्चेत ती बहुधा शेवटी येते.

उदाहरणादाखल २००० च्या दशकाच्या मध्यातील दरांशी मिळतेजुळते आकडे घेता येतील. समजा, पेट्रोल ५० रुपये व डिझेल ३५ रुपये लिटर आहे. पेट्रोल गाडी लिटरला १३ आणि डिझेल गाडी १७ किलोमीटर देते. पेट्रोल गाडीचा इंधनखर्च किलोमीटरला सुमारे ३ रुपये ८५ पैसे पडतो, डिझेल गाडीचा सुमारे २ रुपये ६ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे १ रुपया ७९ पैसे वाचतात. डिझेल गाडी ६० हजार रुपयांनी महाग असेल तर साडेतेहतीस हजार किलोमीटर धावल्यावर ती रक्कम वसूल होते. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्या नोकरदाराला त्यासाठी साडेचार वर्षांहून अधिक काळ लागतो. महिन्याला ५,००० किलोमीटर चालवणारा टुरिस्ट व्यावसायिक तोच टप्पा सात महिन्यांच्या आत गाठतो.

आता अलीकडच्या दरांसारखे आकडे घेतले, म्हणजे पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ रुपये, ॲव्हरेज अनुक्रमे १८ व २२ किलोमीटर आणि जादा किंमत १ लाख २० हजार रुपये, तर बचत किलोमीटरमागे सुमारे १ रुपया ६५ पैसे होते. जादा रक्कम वसूल होण्यास सुमारे ७३ हजार किलोमीटर लागतात. वरील नोकरदाराला हा काळ दहा वर्षांचा ठरतो. गाडी विकण्याची वेळ त्याआधीच आलेली असते.

या हिशेबात करही मोजावा लागतो. महाराष्ट्रात नव्या खाजगी मोटारीवर एकरकमी वाहनकर आकारला जातो आणि डिझेल गाडीसाठी त्याचा टक्का अधिक असतो. दहा लाखांपर्यंतच्या गाडीसाठी पेट्रोलवर ११ टक्के, तर डिझेलवर १३ टक्के असा दर अनेक वर्षे लागू होता. उलट २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड आणि १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क कमी केले. पेट्रोलसाठी ही मर्यादा १,२०० ठेवली होती. १,४०५ घनसेंटिमीटरची इंडिका या चौकटीत नेमकी बसली.

हिंगोली जिल्ह्यातील संदर्भ

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, म्हणजे इंडिका बाजारात आल्यावर चार महिन्यांनी. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. वाहननोंदणीसाठी जिल्ह्याला एम.एच. ३८ ही मालिका मिळाली. परभणीच्या एम.एच. २२ पासिंगच्या गाड्यांबरोबर जिल्ह्याच्या रस्त्यांवर हळूहळू नव्या क्रमांकाच्या गाड्या दिसू लागल्या.

येथील प्रवासाचे स्वरूप डिझेलला अनुकूल होते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार आणि त्यांतील जवळपास ८५ टक्के ग्रामीण. विशेषज्ञ डॉक्टर व मोठी रुग्णालये नांदेडला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर). पूर्णा-अकोला लोहमार्ग २००८ पर्यंत मीटरगेज होता. ब्रॉडगेज जाळ्याशी थेट जोड नसल्याने लांबच्या कामासाठी एस.टी. किंवा भाड्याची गाडी हाच पर्याय राहत असे. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग क्षेत्र व संत नामदेवांचे नरसी या ठिकाणांमुळे यात्रेकरूंची वर्दळ असते. वसमत व हिंगोली येथील हळदीच्या बाजारपेठांमुळे व्यापाऱ्यांची ये-जा असते. हिंगोलीहून नांदेडला जाऊन येण्यास पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. वर मांडलेल्या पहिल्या हिशेबाने एका फेरीत डिझेलमुळे तीनशे रुपयांच्या घरात बचत होते. रुग्णाला तपासणीसाठी महिन्यातून दोनदा नेणाऱ्या कुटुंबाला किंवा भाड्याने गाडी लावणाऱ्याला ही रक्कम लहान नव्हती.

याच कारणास्तव येथे इंडिकाची खरी स्पर्धा मारुतीच्या पेट्रोल गाड्यांपेक्षा जीप, सुमो आणि २००० पासून नाशिकला तयार होणारी महिंद्रा बोलेरो यांच्याशी होती. काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसाळ्यात शिवाररस्ता चिकट चिखलाचा होतो. तेथे पुढच्या चाकांवर चालणारी, जमिनीपासून कमी उंचीची इंडिका उपयोगाची नाही, हे शेतकरी मालकाचे मत अनुभवाचे होते. शेतात जाणारा, खताची पोती टाकणारा, दहा माणसे बसवणारा ग्राहक बोलेरोकडेच वळला. डांबरी रस्त्यावर राहणारे शिक्षक, डॉक्टर, वकील, अडत व्यापारी आणि टुरिस्ट व्यावसायिक हा इंडिकाचा वर्ग होता. अकोला-वाशिम-हिंगोली-कळमनुरी-नांदेड हा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग १६१ झाला आणि त्याचे रुंदीकरण झाले. तोपर्यंत इंडिकाचा काळ सरत आला होता.

प्रदूषणमानकांच्या अंमलबजावणीतही शहर व जिल्हा यांत भेद होता. एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर यांसह निवडक शहरांत भारत स्टेज-४ मानक लागू झाले. उर्वरित देशात त्या वर्षी स्टेज-३ लागू झाले आणि स्टेज-४ देशभर २०१७ मध्ये पोहोचले. परिणामी पुण्यात कॉमन रेल इंजिनाची गाडी विकली जात असताना हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत जुन्या धाटणीचे इंजिन काही काळ नवे मिळू शकत होते. अनेक ग्रामीण मालकांना ते सोयीचे वाटे. धुराचा प्रश्न मात्र त्यामुळे मागे राहिला. डिझेलच्या धुरातील सूक्ष्म कण व नायट्रोजनची ऑक्साइडे आरोग्यास घातक असतात. जुन्या इंजिनांत त्यांचे प्रमाण अधिक असते. मालकांच्या पसंतीत ही किंमत कुठेच धरलेली नसते, कारण ती मालकाला एकट्याला द्यावी लागत नाही.

टॅक्सीचा शिक्का व पुनर्विक्री

कमी खर्च व मोठी जागा यांमुळे पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या कर्मचारी-वाहतुकीत इंडिका मोठ्या संख्येने उतरली. पिवळ्या पाटीची पांढरी इंडिका सर्वत्र दिसू लागली. गाडीच्या टिकाऊपणाचा याहून मोठा पुरावा शोधणे कठीण, कारण दिवसाला दोन-तीनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीत दुर्बल भाग लपत नाही. परंतु खाजगी ग्राहकाने याचा नेमका उलटा अर्थ घेतला. जी गाडी भाड्याने मिळते ती दारात कशाला उभी करायची, असा विचार बळावला. २००८ मध्ये आलेली इंडिका व्हिस्टा जागा, आराम व इंजिन या तिन्ही दृष्टींनी पुष्कळ पुढची गाडी होती. तिच्या एका आवृत्तीत पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यात तयार होणारे १,२४८ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. त्याच कुळातील इंजिन मारुती स्विफ्टमध्येही होते. तरीही बाजाराने स्विफ्टला पसंती दिली. नावातील 'इंडिका' हा शब्दच व्हिस्टाला भोवला, असे म्हणण्यास जागा आहे. २०११ मध्ये आलेल्या ईव्ही-२ या कॉमन रेल आवृत्तीचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २५ किलोमीटर होते. तिचाही ग्राहक प्रामुख्याने टुरिस्ट व्यावसायिकच राहिला.

पुनर्विक्रीच्या बाजारात इंडिकाचे भाव मारुतीच्या तुलनेत लवकर घसरत. पहिल्या मालकाचे यात नुकसान होते, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा लाभ. जिल्ह्याच्या ठिकाणी अनेक कुटुंबांची पहिली चारचाकी अशी वापरलेली डिझेल गाडी असते. तिची परीक्षा करताना काही गोष्टी पाहण्याची रीत आहे. गाडी आदल्या रात्रीपासून बंद असताना सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू होते का, हे पाहिले जाते. हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन कमजोर असल्यास येथेच समजते. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण काढल्यास जोराने वाफ किंवा धूर येत असेल, तर पिस्टन-रिंग झिजल्याचे लक्षण मानतात. वेग वाढवताना येणारा काळा धूर इंधन अर्धवट जळत असल्याचे, तर निळसर धूर ऑइल जळत असल्याचे दर्शवतो. किलोमीटरचा आकडा मागे फिरवला जाण्याची शक्यता असल्याने पायांखालच्या पेडलचे रबर, चालकाच्या आसनाची झीज व स्टिअरिंगची गुळगुळीत कड यांवरून धाव ताडली जाते. नोंदणीपुस्तकात गाडी पूर्वी परिवहन संवर्गात होती का, याची खातरजमा विशेष आवश्यक ठरते.

दिल्ली व परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील अनेक गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यांत विकल्या जातात. किंमत आकर्षक असली तरी महाराष्ट्रात फेरनोंदणी करताना वाहनकर नव्याने भरावा लागतो आणि पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण व पर्यावरण कर यांचा खर्च येतो, हे खरेदीदाराच्या लक्षात बहुधा व्यवहार झाल्यावर येते.

अखेरचा काळ

जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले. डिझेलवरील नियंत्रण मात्र कायम राहिल्याने पुढील तीन वर्षांत दोन्ही इंधनांतील अंतर पुन्हा रुंदावले आणि देशभर डिझेल गाड्यांची मागणी वाढली. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर दरमहा थोडाथोडा वाढवण्यात आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये तोही नियंत्रणमुक्त झाला. ज्या अंतरावर छोट्या डिझेल गाडीचे गणित उभे होते ते यानंतर आकसत गेले. जून २०२० मध्ये दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग झाले होते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे डिझेल इंजिनाला कण-गाळणी व अन्य उपकरणे जोडणे आवश्यक ठरले. छोट्या गाडीच्या किमतीत ती बसेनात. मारुतीने त्याच वेळी डिझेल गाड्या बनवणे थांबवले.

इंडिका त्यापूर्वीच, २०१८ मध्ये, इंडिगोसह बंद झाली. तिची जागा घेणाऱ्या टियागो या गाडीची डिझेल आवृत्तीही स्टेज-६ च्या उंबरठ्यावर थांबली. एम.एच. ३८ आणि त्याहून जुन्या एम.एच. २२ पासिंगच्या काही इंडिका पंधरा वर्षांचे नूतनीकरण करून आजही वापरात आहेत. सुटे भाग मिळतात, मिस्त्रीला इंजिन ठाऊक असते आणि बाजारात गाडीला मिळणारी किंमत इतकी अल्प असते की, मालकाला ती विकण्यापेक्षा चालवणे अधिक परवडते.